रेसकोर्सच्या कॉन्सर्टला आमच्या बसने येताय? परतीचं आधी वाचा

२०२३ च्या जानेवारीत लोलापालूझा हा अनेक बँडचा संगीत महोत्सव भारतात पहिल्यांदा, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर झाला. तेव्हापासून एका दिवसात आठ-दहा बँड ऐकून रात्रीच पुण्याला परतायचं, असं ठरवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी आमची बस सकाळी साडेनऊला स्वारगेटहून निघते आणि दुपारी दीडच्या सुमारास दादर पूर्वेला, खोदादाद सर्कलजवळ सोडते. रात्री पावणेबाराला तिथूनच सुटते.

सगळे विचारतात, गाडी गेटपर्यंत का आणत नाही? उघड्या मैदानात रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी असते, म्हणून शेवटचा बँड दहाच्या ठोक्याला थांबतो आणि अख्खं मैदान एकदम रस्त्यावर येतं. त्या गर्दीत गेटजवळची बस तासभर हलत नाही. लोकलला ती अडचण नाही. महालक्ष्मीहून बोरिवली, अंधेरी, कुठलीही धीमी पकडा. लोअर परळ, प्रभादेवी, मग दादर. दहा मिनिटांचं काम. जलद गाड्या महालक्ष्मीला थांबत नाहीत. दुपारी दादरलाच रिटर्न तिकीट काढून ठेवा. रात्री खिडकीपुढे मोठी रांग असते.

आता ज्या चुकीने दर वेळी बस खोळंबते ती. ‘बाहेर पडलो की ड्रायव्हरला फोन करू’ किंवा ‘मित्रांना फोन करून शोधू’, हा बेत मैदानात चालत नाही. फोनवर सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात, कारण टॉवर जवळच आहे. पण त्याच टॉवरवर हजारो फोन एकाच वेळी असतात. पालखीच्या दिवशी रस्ता मोकळ्या दिवसाइतकाच रुंद असतो, तरी गाडी पुढे सरकत नाही, तसंच हे. त्यात दिवसभर व्हिडिओ काढून बॅटरी संपत आलेली असते. मग चौघांतले दोघे गेटवर, दोघे स्टेशनवर, आणि चौघेही एकमेकांची वाट बघत उभे!

म्हणून आत शिरल्याबरोबर, फोन लागत असतानाच, भेटायची जागा ठरवा. स्टेजसमोर मैदानाच्या मध्यावर साउंडवाल्यांचा मिक्सरचा मंडप असतो. त्याची मागची बाजू उत्तम. तो हलत नाही आणि अंधारातही दिसतो. ‘फूड स्टॉलजवळ’ असं ठरवू नका, स्टॉल पन्नास असतात. दहा वाजून दहा मिनिटांनी जो तिथे नसेल त्याने सरळ दादर गाठायचं, हेही आधीच बोलून घ्या. फोन लागत नसेल तर साधा एसएमएस टाका, तो बऱ्याचदा पोचतो.

पावणेबारा ही वेळ आम्ही हिशेब करूनच ठेवली आहे. गेटबाहेर पडायला अर्धा-पाऊण तास, स्टेशनपर्यंत पंधरा मिनिटं, लोकल, दादरचा पूल. एवढं करूनही हाताशी थोडा वेळ उरतो. त्यानंतर मात्र एकासाठी चाळीस जणांना बसवून ठेवत नाही आणि चुकलेल्या सीटचे पैसेही परत देत नाही. काहींना हे कडक वाटतं, पण त्यामुळेच आमची माणसं पहाटे चारच्या आत घरी असतात.

सॅक बसमध्ये ठेवता येते, डिकीला कुलूप असतं. पण ती रात्रीच उघडते. औषधं, चार्जिंगची केबल, जॅकेट आधीच काढून घ्या. बाटली, छत्री, परफ्यूम गेटवर अडतं.

बँडचं वेळापत्रक घरीच उतरवून घ्या. एका स्टेजवरचा बँड संपतो तेव्हा दुसऱ्यावर सुरू होतो आणि गर्दीतून मधलं अंतर कापायला दहा मिनिटं लागतात. दुसरीकडे पुढे उभं राहायचं असेल तर इकडची शेवटची दोन गाणी सोडावी लागतात.

तिकिटासोबत फोमच्या इअरप्लगची जोडी देतो, ती वापराच. ८५ डेसिबल आवाज कानाला आठ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. नुसता टेकवला तर उपयोग नाही. नीट बसला की गाण्याचे शब्द उलट स्वच्छ ऐकू येतात.

परतीचे थांबे वाकड, चांदणी चौक, स्वारगेट. दहा जणांचा ग्रुप असेल तर तुमच्या सोसायटीच्या गेटवर सोडतो. बुकिंग करतानाच सांगा.