चॉकलेट खाल्लं म्हणून डोकं दुखलं, की डोकं दुखणार होतं म्हणून चॉकलेट खाल्लं?

ज्या घरात वयात आलेल्या मुलाला किंवा मुलीला अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन आहे, तिथे एक वाद हटकून होतो. "काल चॉकलेट खाल्लंस ना? मग दुखणारच डोकं!" पोर गप्प बसते, कारण चॉकलेट तर खरंच खाल्लेलं असतं. या वादात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, आणि तिची किंमत त्या पोरीला मोजावी लागते, म्हणून हे लिहितो आहे.

ट्रिगर म्हणजे अटॅकला निमित्त ठरणारी बाहेरची किंवा शरीरातली गोष्ट. पूर्वलक्षण म्हणजे आधीच सुरू झालेल्या अटॅकची पहिली खूण. मायग्रेनचा अटॅक डोकं ठणकायला लागतं तेव्हा सुरू होत नाही. काही तास, कधी कधी दोन दिवस आधीपासून मेंदूत त्याची चुळबुळ चाललेली असते. या काळात जांभयांवर जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, उजेड नकोसा वाटतो, गोड खावंसं वाटतं. लहान मुलांचा आणि किशोरांचा तर चेहराच उतरतो, पांढराफटक पडतो. आईच्या लक्षात येतं ते बहुतेक वेळा हेच.

याचा एक सुरेख पुरावा २०१६ साली जर्मनीतल्या संशोधकांनी मांडला. त्यांनी मायग्रेनच्या एका रुग्णाच्या मेंदूचं रोज, असं सलग तीस दिवस स्कॅनिंग केलं. त्या महिन्यात तीन अटॅक आले, आणि वेदना सुरू होण्याच्या आदल्या चोवीस तासांतच हायपोथॅलॅमसचं काम बदललेलं दिसलं. झोप, भूक, तहान यांची सूत्रं मेंदूच्या याच भागाकडे असतात. जांभया आणि गोडाची ओढ कुठून येते, हे यावरून उमगतं. रुग्ण एकच होता हे खरं, पण आदल्या दिवशीचं असं चित्र त्याआधी फारसं कुणाला दिसलं नव्हतं.

माझ्या भाचीच्या वहीत आधी नुसतं "चॉकलेट, मग डोकं" असं लिहिलेलं असायचं. मग ती वेळ टाकून लिहायला लागली. एका पानावर असं आहे: "३ वाजता जांभया. ५ ला मानेत कळ. ७ ला चॉकलेट. ९ ला उजव्या भुवईवर ठणका." चॉकलेट तिसऱ्या ओळीत आहे. ते खाल्लं तेव्हा अटॅक सुरू होऊन चार तास झाले असावेत.

उजेडाचंही असंच. २०१३ च्या एका डॅनिश अभ्यासात, प्रखर उजेडाने किंवा जोराच्या व्यायामाने आपला अटॅक येतो असं सांगणाऱ्या २७ जणांना मुद्दाम तेच करायला लावलं. ऑरासह, म्हणजे डोळ्यांसमोर चमक किंवा नागमोडी रेषा दिसण्यासारख्या खुणांसह, अटॅक आला तिघांना, आणखी तिघांना ऑराशिवाय. बाकीच्यांना काहीच झालं नाही. म्हणजे ते खोटं बोलत होते असं नाही. अटॅक येऊ घातला की साधा उजेडही डोळ्यांत खुपतो, आणि माणूस उजेडालाच दोष देतो.

मग खरे ट्रिगर नसतातच का? असतात. अपुरी किंवा वेळी-अवेळी झोप, चुकलेलं जेवण, परीक्षेचा ताण आणि तो ताण उतरल्यावरचा दिवस. मुलींमध्ये पाळीच्या आधी इस्ट्रोजेन घसरतं तेव्हा अटॅक येतात. वयात आल्यावर मुलींमधलं प्रमाण मुलांपेक्षा बरंच वाढतं ते मुख्यतः हार्मोन्समुळे. पण ट्रिगर म्हणजे आजाराचं कारण नव्हे. मेंदूची ती प्रवृत्ती बऱ्याच अंशी आनुवंशिक असते, निमित्त फक्त ठिणगी टाकतं. ओळखायची युक्ती सोपी आहे: वहीत डोकं न दुखलेले दिवसही लिहा. तीच गोष्ट दहा वेळा केली आणि नऊ वेळा काहीच झालं नाही, तर तिला सोडून द्या.

हा फरक कळला की उपचार बदलतात. ट्रिगर असेल तर तो सांभाळायचा: झोपेची आणि जेवणाची वेळ ठरलेली ठेवायची. पूर्वलक्षण असेल तर काही टाळून उपयोग नाही, तयारीत राहायचं. डॉक्टरांनी दिलेली गोळी जवळ ठेवायची आणि ठणका सुरू होताच घ्यायची, असह्य होईपर्यंत थांबायचं नाही. मात्र महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साध्या पेनकिलर, किंवा १० किंवा जास्त दिवस ट्रिप्टान (मायग्रेनच्या अटॅकवरची खास गोळी), असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळ्यांचीच डोकेदुखी मागे लागू शकते. आणि डोकं अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, ताप येऊन मान ताठली किंवा हातपाय लुळे पडले, तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

वारंवार अटॅक येणाऱ्यांना रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं देतात, पण किशोरांमध्ये त्यांचं गणित वेगळं निघालं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ८ ते १७ वयोगटात डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त घटले ते अमिट्रिप्टिलीन या औषधावर ५२ टक्के, टोपिरामेट या औषधावर ५५ टक्के आणि नुसत्या प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या गोळीवर, ६१ टक्के मुलांचे. त्याआधी, २०१३ मध्ये, जुनाट मायग्रेन असलेल्या १० ते १७ वर्षांच्या १३५ जणांवर आणखी एक चाचणी झाली होती. अमिट्रिप्टिलीन सगळ्यांनाच दिलं होतं. जोडीला वेदनेशी जुळवून घेण्याचं मानसोपचार-प्रशिक्षण मिळालेल्यांपैकी ६६ टक्क्यांना असाच फरक पडला, आणि जोडीला नुसती आजाराची माहिती मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांना. त्या प्रशिक्षणात चॉकलेटवरून बोलणी खाणं नव्हतं; स्नायू सैल सोडणं, श्वास आणि विचार सावरणं, दिवसाची कामं बेताने वाटून घेणं हे होतं.