वीरा साथीदार, 'कोर्ट' अन् स्टेजवरचा तो सीन

एप्रिल लागला की आमच्या नागपुरात कुलरला नवीन खस लागते अन् ग्रुपवर 'कोर्ट' सिनेमातला तो स्टेजचा सीन फिरायला लागतो. त्यात शाहीर झालेले वीरा साथीदार 13 एप्रिल 2021 ला कोरोनात गेले, इथेच, नागपुरात. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांची जयंती. एरवी संविधान चौकात पाय ठेवायला जागा नसते, त्या वर्षी लोकं घरातच बसून होते न मोबाईलवर तोच सीन पाहून राहिले होते.

सीन तसा साधाच आहे. म्हातारा शाहीर नारायण कांबळे, म्हणजे साथीदार, चाळीतल्या पोरांची ट्यूशन आटोपतो, बसमध्ये बसतो, वस्तीतल्या स्टेजवर चढतो आणि गातो. कॅमेरा लांब उभा, हलतच नाही, क्लोजअप वगैरे काही नाही. आणि कार्यक्रम चालू असतानाच पोलीस येऊन त्याला घेऊन जातात. गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने म्हणे याचं गाणं ऐकून जीव दिला, म्हणून कलम 306, आत्महत्येला प्रवृत्त केलं, दहा वर्षांपर्यंतची शिक्षा.

आता हे स्टेज काही सिनेमावाल्यांनी उभं केलेलं नाही, ते लई जुनं आहे. जोतिरावांनी 1873 ला सत्यशोधक समाज काढला, त्यातून पुढे सत्यशोधक जलसे निघाले, तमाशाचाच साचा पण आत मालमसाला वेगळा, भटशाही, सावकारी, पोरांना शाळेत घाला. 1930 च्या आसपास भीमराव कर्डक वगैरे मंडळींनी आंबेडकरी जलसा उभा केला. मग गीतकार वामनदादा कर्डक. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत बाबासाहेब पोचले ते बरेचसे या गाण्यांतूनच, आमच्या आजीला भाषण एक आठवत नव्हतं पण गाणी पाठ.

अन् याची किंमतही मोजलेली आहे. 1997 ला मुंबईत रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिसांचा गोळीबार झाला, 10 माणसं गेली, त्या धक्क्याने चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी स्वतःला संपवलं. 'कोर्ट'ची गाणी संभाजी भगतांची, तेही याच परंपरेतले, त्यामुळे ते गाणं उपरं वाटत नाही.

मला विचाराल तर खरा हादरा कामगाराच्या बायकोच्या साक्षीत आहे. ती अगदी सपाट आवाजात सांगते की नवरा उतरायच्या आधी गटारात खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर समजायचं खाली हवा आहे. वास सहन व्हावा म्हणून प्यायचा. मास्क नाही, काही नाही. म्हणजे आत्महत्या कुठली न काय! ज्या 2014 मध्ये हा सिनेमा व्हेनिसच्या फिल्म फेस्टिवलला गाजला त्याच वर्षी मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की 1993 पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना 10 लाख द्या. पुढे 'कोर्ट'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करला भारताची एन्ट्री म्हणून गेला, ते सगळं झालं.

साथीदार मात्र काही नट नव्हते हो, चळवळीतला माणूस, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. सिनेमात कांबळेला एक लाखावर जामीन मिळतो, तो सुटतो न लगेच प्रेसमध्ये छपाईला जाऊन बसतो, तिथूनच त्याला परत उचलतात. तो सीन आला तेव्हा माझ्या शेजारी बसलेले काका हळूच हसले, म्हणाले, "हा तर रोजचाच वीरा आहे बे, यात ॲक्टिंग कुठे आहे?"