न्हाणीतला दिवा न्हाणीबाहेर लावा

घरी बांधलेल्या कॅम्पर ट्रेलरमध्ये (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरात) सगळ्यात शेवटी आठवते ती न्हाणी. चॅनेलचा सांगाडा झाला, पत्रा ठोकला, वर टाकी बसली, पलंग आणि ओटाही झाला की उरलेल्या कोपऱ्यात तीन बाय तीन फुटांची न्हाणी निघते. मग हातात उरलेल्या वायरीच्या टोकाला जो मिळेल तो बल्ब टांगला जातो. चैत्रात सप्तशृंगगडाची वाट, मुक्ताईनगरहून निघणारी पालखी, सारंगखेड्याची जत्रा किंवा तोरणमाळची चार दिवसांची सहल, मुक्काम कुठलाही असो, आंघोळ बहुतेक अंधार पडल्यावर नाही तर पहाटे उजाडायच्या आत होते. म्हणजे दिवा हवाच. पण ओलं अंग, पत्र्याची भिंत आणि वीज यांना इतक्या थोड्या जागेत एकत्र ठेवायचं तर काही गोष्टी आधी समजून घेतलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट म्हणजे या खोलीत २३० व्होल्ट आणायचेच नाहीत. ओल्या अंगाचा विजेला होणारा रोध साधारण हजार ओहमपर्यंत खाली येतो. २३० भागिले हजार, म्हणजे २३० मिलिअँपिअर. घरातल्या एसी विजेचा प्रवाह दहा मिलिअँपिअरच्या आसपास गेला की पकडलेली वस्तू हाताला सोडवत नाही, आणि तीस-चाळीसच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. ट्रेलरमध्ये आणखी एक अडचण आहे. ट्रेलर रबरी टायरांवर उभा असतो, त्यामुळे त्याच्या पत्र्याला जमिनीचा आधार नसतो. जनरेटरची किंवा इन्व्हर्टरची एखादी सोललेली वायर पत्र्याला टेकली तर काही जळत नाही, फ्यूज जात नाही आणि आत उभ्या माणसाला कळतही नाही. तो दाराची कडी धरून ओल्या मातीवर पाय टेकवतो तेव्हा परिपथ त्याच्या अंगातून पूर्ण होऊ शकतो. आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की आपोआप बंद होणारा स्विच, बसवला की झालं, असं बरेच जण समजतात. पण छोट्या जनरेटरचा किंवा इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला नसेल तर गळतीच्या प्रवाहाला परतायला वाटच मिळत नाही, आणि आरसीसीबी वेळेवर पडेल याचा भरवसा राहत नाही.

म्हणून १२ व्होल्ट डीसी. याच हिशोबाने ओल्या अंगातून फार तर बारा मिलिअँपिअर जातील. डीसीला तेवढ्याने मुंग्या येतील, जीव जाणार नाही. मात्र इथेच गाफीलपणा शिरतो. बारा व्होल्ट माणसाला सुरक्षित असले तरी वायरीला ते सुरक्षित नसतात. यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी घेऊ. १ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर न्हाणीपर्यंत पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर, आणि तिचा रोध साधारण ०.२ ओहम. टोकाला दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या की पन्नास-साठ अँपिअर वाहतात. एवढ्या प्रवाहात ही तार दर सेकंदाला दहा-पंधरा अंशांनी तापत जाते. पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंतच धड असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पत्र्यामागची वायर आधीच पन्नाशीला टेकलेली असते, तेव्हा प्लायवुडमागे धूर निघायला फार वेळ लागत नाही.

यावर उपाय दहा-वीस रुपयांचा आहे. गाडीत असतो तसा ३ अँपिअरचा जांभळा ब्लेड फ्यूज, बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभराच्या आत. फ्यूज दिव्यापाशी लावला तर तो दिव्याला वाचवेल, पण बॅटरीपासून दिव्यापर्यंतच्या सगळ्या वायरीला संरक्षण राहणार नाही. फ्यूज वायरीसाठी असतो, दिव्यासाठी नाही. दिवा ५ वॉटचा धरला तर प्रवाह ०.४ अँपिअरच लागतो, त्यामुळे तीनचा फ्यूज उगाच उडत नाही. तो वारंवार उडत असेल तर दहाचा लाल फ्यूज ठोकू नका, वायर कुठे घासते आहे ते शोधा.

आता दिवा लावायचा कुठे? आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या ६०३६४ क्रमांकाच्या मानकात पाणी कुठे किती लागू शकतं त्यावरून न्हाणीघराचे पट्टे पाडले आहेत. शॉवरच्या खाली तबक नसेल तर पाण्याच्या तोटीपासून १.२ मीटरपर्यंत आणि जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतची सगळी जागा पट्टा क्रमांक १ मध्ये येते. घराच्या मोठ्या न्हाणीत या पट्ट्याबाहेर एखादा कोपरा उरतो. ट्रेलरची न्हाणी ३ फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच, म्हणजे दोन मीटरच. तिथे पट्ट्याबाहेर काहीच उरत नाही, छतसुद्धा नाही. म्हणून सगळ्यात चांगली जागा न्हाणीच्या बाहेरची: शेजारच्या कोरड्या कपाटात दिवा आणि मध्ये दुधी खिडकी. धाब्याच्या घरात छताला झरोका ठेवून वरून उजेड घेतात, तोच विचार इथे चालतो.

दुकानदार यावर म्हणेल, ‘वॉटरप्रूफ दिवा आहे, आतच लावा की.’ त्याच्या ‘वॉटरप्रूफ’चा अर्थ पाहू. दिव्यावरचा आयपी आकडा धूळ आणि पाणी किती रोखलं जातं ते सांगतो. आयपी ६५ मधला सहा म्हणजे धूळ अजिबात शिरत नाही. पाच म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला साडेबारा लिटरची धार दोन-तीन मीटरवरून मारली तरी चालतं. आयपी ६७ मधला सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवून चालतं. पण या बुडवण्याच्या चाचणीत पाणी आणि दिवा यांच्या तापमानात पाच अंशांहून जास्त फरक नसावा, अशी अट असते. आपल्याकडे नेमकी तीच मोडते.

दिवसभर उन्हात उभ्या ट्रेलरमध्ये छताला लावलेला दिवा सहज ६० अंशांपर्यंत तापतो. आतली हवा फुगते आणि रबरी वायसरच्या बारीक फटींतून थोडी बाहेर निघून जाते. संध्याकाळी कोणी नळ सोडतो आणि २८ अंशांचं पाणी दिव्यावर पडतं. आतली हवा आक्रसते, दाब सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. दहा टक्के म्हणजे एक मीटर पाण्याच्या स्तंभाएवढी ओढ. वरून भिजलेला दिवा त्या क्षणी एक मीटर खोल बुडवल्यासारखाच असतो, आणि आयपी ६५ ची तर बुडवण्याची चाचणी झालेलीच नसते. प्रत्येक आंघोळीला थेंब-दोन थेंब आत ओढले जातात. दुसऱ्या दिवशी उन्हात त्यांची वाफ होते, काचेवर आतून धुकं धरतं. बोअरचं जड पाणी असेल तर मागे क्षार उरतात आणि सर्किटवर पांढरट थर बसतो. ओल धरली की हा थर वीज वाहू लागतो. महिना-दोन महिन्यांत दिवा लुकलुकतो आणि दोष ‘चायना माल’ म्हणून मालाला जातो. खरा दोष दिव्याच्या श्वास घेण्याचा असतो.

आतच लावायचा हट्ट असेल तर दोन्ही अंक असलेला, म्हणजे आयपी ६५/६७ असा, आणि आतून रेझिन ओतून भरलेला दिवा घ्यावा. आत पोकळी नसेल तर श्वास घ्यायला हवाच नसते. केबलसाठी पीजी ९ ग्लँड (केबलभोवती आवळून फट बंद करणारं बूच) बसवा, पण केबल गोल घ्या. चपटी दोन कोअरची वायर ग्लँडमध्ये कितीही आवळली तरी दोन्ही बाजूंना फट राहते, आणि ही चूक फार सर्रास होते. केबल खालून आत घ्या आणि त्याआधी तिला पोटासारखा झोल द्या, म्हणजे वरून ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाला टपकून जातं.

खिडकीचं काम अर्ध्या दिवसाचं आहे. कपाट आणि न्हाणी यांच्यामधल्या भिंतीत, डोक्याच्या वर, १५ बाय १५ सेंटिमीटरचं भोक कापा. शीट २० बाय २० ची, ५ मिलिमीटर जाडीची दुधी अॅक्रिलिक घ्या. रस्ता फारच खराब असेल तर पॉलिकार्बोनेट घ्या, ते धक्क्याने तडकत नाही. शीट न्हाणीच्या बाजूने लावायची, म्हणजे पाणी तिच्यावरून घसरतं, मागे साचत नाही. अॅक्रिलिक तापल्यावर लोखंडाच्या जवळपास सहापट पसरतं. थंडीतल्या पहाटेचे दहा अंश आणि मे मधल्या पत्र्याचे साठ, यांत २० सेंटिमीटरची शीट पाऊण मिलिमीटर सरकते. म्हणून ४ मिलिमीटरच्या स्क्रूला ६ मिलिमीटरचं भोक पाडा आणि खाली रबरी वायसर घाला. तंग भोक पाडलं तर पहिल्याच उन्हाळ्यात स्क्रूपासून तडा जातो.

सिलिकॉन कुठलं घ्यायचं ते नाकाने ठरवता येतं. शिरक्यासारखा आंबट वास आला तर ते अॅसेटिक, आणि त्यातून सुटणारं आम्ल तांबं, पत्रा सगळं खातं. ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलंच घ्या. शीट दाबून सगळं सिलिकॉन बाहेर काढू नका. खाली ३ मिलिमीटरचे तुकडे ठेवून तेवढा थर राहू द्या, कारण सरकणं तो थरच झेलतो. चोवीस तासांनी तुकडे काढा, त्यांच्या जागी राहिलेली भोकं सिलिकॉनने भरा, मग स्क्रू हलक्या हाताने आवळा.

खिडकीमागे ८-१० सेंटिमीटर खोल डबा करून आतून पांढरा रंग द्या. उजेड पसरतो, डोळ्यात टोचत नाही. डब्याच्या तळाला ५ मिलिमीटरचं एक भोक ठेवा. आत दमट हवेचं पाणी झालंच तर त्याला वाट हवी. दुधी शीट बराच उजेड खाते, म्हणून तीनऐवजी पाच वॉट. रंग पिवळसर, ३००० केल्विनचा. पांढऱ्या-निळसर दिव्यावर पावसाळ्यात जेवढे किडे येतात, त्यापेक्षा यावर कमी येतात.

एलईडीची पट्टी मात्र टाळा. तिच्यात तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशा जोड्या असतात. १२ व्होल्टला तीन एलईडी मिळून नऊ व्होल्ट घेतात आणि रेझिस्टरवर तीन उरतात. ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर चालू असताना किंवा सोलर पॅनेल बॅटरी जोरात चार्ज करत असताना १४.४ व्होल्ट मिळतात. तेव्हा रेझिस्टरवर पाचाच्या पुढे जातात आणि प्रवाह दीडपटीहून जास्त होतो. पट्टी तापून काळी पडते ती यामुळे. खोक्यावर ‘१० ते ३० व्होल्ट’ लिहिलेला, आत ड्रायव्हर (व्होल्टेज बदललं तरी प्रवाह सारखा ठेवणारं सर्किट) असलेला दिवा घ्या.

वायर बारीक तारांची, शक्य तर कल्हई केलेली. एकेरी जाड तार हादऱ्याने ताठ होत जाते आणि वाकण्याच्या जागी तुटते. कल्हई नसलेल्या तांब्याला ओल लागली की हिरवा गंज धरतो, आणि पाणी वातीत तेल चढावं तसं तारांमधून हातभर आत चढतं. जोड न्हाणीत नकोच. कपाटात थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) दाबून, वर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीटश्रिंक नळी. काळी टेप आपल्या उन्हात टिकत नाही, गोंद पाघळतो आणि टेप उलगडते. पत्र्यातून वायर जाते तिथे भोकाची कड झाकणारं रबरी ग्रोमेट, आणि दर फुटाला क्लिप. परतीची तार पत्र्यावर सोडू नका, बॅटरीपर्यंत दुसरी वायर न्या. ओल्या पत्र्यातून डीसी वाहू लागला की जोडाजवळ गंज झपाट्याने वाढतो. टेललाइटच्या वायरीला टाचणी लावून वीज घेणं तर नकोच नको. न्हाणीत शॉर्ट झाला तर रात्री महामार्गावर मागचे दिवे जातील.

स्विच न्हाणीबाहेर, अधिक तारेवर. घरातला ६ अँपिअरचा साधा स्विच अर्ध्या अँपिअरला चालतो, सोलर पॅनेलच्या जास्त व्होल्टेजला मात्र तो वापरू नये. गॅस गिझर या खोलीत नको, मग दिवा कसाही असो: बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो.

बॅटरी मोठी लागत नाही. चाळीस जणांनी दहा-दहा मिनिटं आंघोळ केली तर पावणेसात तास, म्हणजे सुमारे ३३ वॉट-अवर. ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ८४ असतात, त्यातले निम्मे वापरले तरी पुरतात. ती सावलीत आणि हवेशीर जागी ठेवा. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की शिसं-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

शेवटी परीक्षा. फ्यूज काढून, दिवा सोडवून, मल्टिमीटर सगळ्यात मोठ्या ओहमवर ठेवा. अधिक तार आणि पत्रा यांत काहीही आकडा दिसता कामा नये. मग दिवा जोडून अर्धा तास पेटवा, ट्रेलर दुपारच्या उन्हात असू द्या, आणि खिडकीवर वीस मिनिटं गार पाण्याची धार सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी मागचा डबा उघडून कोरडा टिश्यू कोपऱ्यांत फिरवा. तो ओला निघाला तर सिलिकॉन वरच्या कडेला फाटलं आहे. ती पट्टी ब्लेडने पूर्ण काढून पुन्हा भरा, जुन्यावर नवा थर चिकटत नाही.