शॉट चुकणं वेगळं, चुकीचा शॉट वेगळा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत बास्केटबॉलची एकच रिंग आहे, तीही पार्किंगला खेटून. तिच्याखाली रविवारी खेळ कमी आणि वाद जास्त होतात. एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, सामने आपल्याकडे पहाटे लागतात, त्यामुळे झोप न झालेली माणसं तावातावाने बोलत असतात.

२०२५च्या मे महिन्यात आदल्या वर्षीचे विजेते बोस्टन सेल्टिक्स प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) मालिकेत न्यूयॉर्क निक्सकडून पहिल्या दोन्ही मॅच हरले. आतेभाऊ म्हणाला, "नेम गेलाय, येईल परत." तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "नेम कसला गेलाय? कुठूनही टाकतात!" आकडे दोघांकडे तेच होते. पहिल्या मॅचला ६० थ्रीपैकी (लांबून टाकलेले, तीन गुणांचे शॉट) १५ पडले, दुसऱ्याला ४०पैकी १०.

नेम जाणं आणि चुकीचा शॉट टाकणं, टक्केवारीत दोन्ही आजार सारखेच दिसतात, तिथेच गोची आहे.

शॉट चुकणं म्हणजे काय? पास फिरत आला, पाय रोवलेले, समोरचा माणूस सहा फूट लांब (एनबीएची आकडेवारी अशाला पूर्ण मोकळा शॉट धरते), आणि तरी बॉल रिंगवर आपटून बाहेर. यात खेळाडूचा काही गुन्हा नाही. १००त ३६ थ्री मारणारी टीम ४० थ्री टाकते तेव्हा सरासरी १४ पडतात. पण बऱ्याच रात्री ११ पडतात, बऱ्याच रात्री १७. म्हणजे काहीही न बिघडता दोन रात्रींत १८ गुणांचा फरक! एवढ्यावर कोचला घरी पाठवा म्हणणाऱ्यांनी आधी नाणं चाळीस वेळा उडवून बघावं.

चुकीचा शॉट मात्र हातातून सुटण्याआधीच चुकलेला असतो. शॉट टाकायला मिळणाऱ्या २४ सेकंदांपैकी अठरा-वीस ड्रिबल करण्यात गेले, आता तोंडासमोर हात असताना मागे झुकत टाका. आत जायला कोणी धजत नाही म्हणून फाउलवर मिळणारे फ्री थ्रोही हाती लागत नाहीत. आणि खरा घात असा, की चुकीचा शॉट कधी कधी पडतो. मग सगळे टाळ्या वाजवतात आणि पुढच्या तीन वेळा तोच टाकला जातो. म्हणून मी म्हणतो, बॉल आत गेला की नाही हे बघूच नका. शॉट सुटताना बचाव करणारा कुठे होता ते बघा.

तिसरं एक प्रकरण दोन्हीच्या मधलं आहे, थकवा. २०१८च्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलच्या (एनबीए फायनलच्या आधीची मालिका) सातव्या मॅचला ह्युस्टन रॉकेट्सचे सलग २७ थ्री चुकले. एकूण ४४पैकी ७. लोक अजून त्याला दुर्दैव म्हणतात. पण त्यांचा मुख्य खेळाडू क्रिस पॉल जखमी होऊन बाहेर बसलेला, भार मोजक्या खेळाडूंवर. पाय दमले की मोकळा शॉटही रिंगच्या पुढच्या कडेवर पडतो.

सेल्टिक्सचं काय झालं? तिसऱ्या मॅचला ४०पैकी २० थ्री पडले. आतेभावाने सोसायटीभर सांगितलं. पण पहिल्या दोन्ही मॅचमध्ये सेल्टिक्स २० गुणांनी पुढे होते आणि ती आघाडी घालवताना थ्रीवर थ्री टाकत राहिले, हा काकांचा मुद्दा खोडता येत नाही. चौथ्या मॅचला सेल्टिक्सचा स्टार जेसन टेटम जखमी झाला आणि मालिका निक्सने ४-२ ने नेली. ८२ सामन्यांच्या साखळी हंगामात गेलेला नेम परत यायला वेळ असतो. प्लेऑफच्या मालिकेत तो परत येईपर्यंत दोन मॅच हातच्या गेलेल्या असतात.

उलटंही होतं. २०२२-२३ मध्ये मायामी हीट थ्रीच्या टक्केवारीत ३० संघांत २७वा होता, कसाबसा प्ले-इनमधून (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या लढती) आत आला आणि थेट फायनलला पोचला. वाटेत सेल्टिक्सनाच हरवलं. त्या मालिकेच्या सातव्या मॅचला सेल्टिक्सचे ४२पैकी ९ थ्री पडले होते.

हे मी काढलं आणि पुन्हा पेटलं. "बघ, तेव्हाही तेच! शिकले काय?" काका.

"अहो काका, मधल्या वर्षी असेच थ्री टाकून ट्रॉफी आणली ना!" आतेभाऊ.


काकांनी बॉल उचलला, पार्किंगच्या रेषेवरून टाकला. गाडीच्या टपावर पडला.