कोळशाची शेगडी

कोळशाची शेगडी म्हणजे निखाऱ्यावर स्वयंपाक करायची, उचलून कुठेही नेता येणारी लोखंडाची नाहीतर पत्र्याची चूल. वर कोळसा, मधे जाळी, जाळीखाली राखेचा कप्पा आणि त्याला पुढून एक तोंड, बास एवढंच. त्या खालच्या तोंडातून हवा आत शिरते, जाळीतून वर जाते आणि कोळसा फुलतो, त्यामुळे शेगडी ओळखायची असो, दुरुस्त करायची असो की पेटवायची असो, आधी बघायचं ते हवा कुठून येते आणि कुठे जाते. ठाण्यात नौपाडा, खारकर आळी भागातली जुनी घरं रीडेव्हलपमेंटला गेली की माळ्यावरून अशा शेगड्या निघतात, नवी मुंबईत घणसोली-दिवाळ्यासारख्या गावठाणांत पडवीच्या कोपऱ्यात सापडतात, आणि चालू शेगडी बघायची तर पावसाळ्यात तलावपाळीला नाहीतर उपवनला कणीसवाल्यापाशी उभं राहायचं.

मुंबईत घरगुती गॅस सिलेंडर १९५५ साली आला, पण घरोघरी पोचायला कितीतरी वर्षं गेली. तोवर चाळीत शेगडी आणि रॉकेलचा स्टोव्ह जोडीने नांदायचे. कोळसा वखारीतून पोत्याने यायचा आणि पोत्याच्या तळाचा चुरा शेणामातीत कालवून त्याचे गोळे वाळत घालायचे, फुकट काही जायचं नाही.

ओळख. बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची शेगडी जड असते, अंगावर साच्याची बारीक शिवण दिसते. बोटांनी धरून पान्याने हलकेच ठोकली आणि खणखणीत वाजली तर चांगली, बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे. बादली शेगडी पत्र्याची, आतून मातीचा जाड लेप, काठावर भांडं टेकवायला तीन खुंट. उंच डब्यासारखी, जाळी नसलेली आणि खाली एकच भोक असलेली दिसली तर ती भुश्याची, तिच्यात मधोमध बाटली उभी धरून भोवती लाकडाचा भुसा ठासायचा आणि बाटली अलगद काढून घ्यायची, की हवेला बोगदा तयार. आणि पसरट, तळाला भोकच नाही अशी निघाली तर ती तुटकी समजू नका, ती बाळंतिणीच्या शेकाची. तिथे निखारा राखेखाली मंद राहायला हवा, वर ओवा-शेपा टाकायचा, म्हणून खालून हवा मुद्दामच नाही. रिव्हेट (ठोकून बसवलेले खिळे) मारलेली शेगडी बहुतेक जुनी, वेल्डिंगचा टाका नवा. अर्थात जुनीला नंतर टाका मारलेला असू शकतो, आणि काळा रंग फासून अँटिक म्हणून विकतात त्या शेगड्यांची जाळी एकदा हलवून बघा, बऱ्याचदा नुसती शोभेची असते.

दुरुस्ती. सगळ्यात आधी जाते ती जाळी. एकतर खाडीची खारी हवा, त्यात कप्प्यात राख तशीच ठेवून पावसाळा काढला की राख ओल धरते आणि पत्रा खालून खाते. वागळे इस्टेट किंवा रबाळ्याला कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे जाड सळईची जाळी करून मिळते, फट करंगळीएवढी ठेवायला सांगायची, फार बारीक केली तर राखेने बुजते आणि शेगडी धुमसत बसते. गंज तारेच्या ब्रशने काढायचा, वर जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासायचा नाही कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं, ओल्या पॉलिश पेपरने घासा. ऑइलपेंट परत लावायचा नाही, तेलाचा हात फिरवून तापवलेली पुरते. लेपाला चिकणमाती, शेण आणि भाताचं तूस, सावलीत वाळवायचं, भेगा पडतील त्या पुन्हा भरायच्या आणि पहिला जाळ अगदी मंद. नवी शेगडी जस्ताच्या बादलीतून बनवणार असाल तर लेप जाडच हवा, उघडं जस्त फार तापलं की त्याची वाफ छातीत जाते आणि थंडी-ताप भरतो.

वापर. खाली कागद आणि करवंटीचे तुकडे, वर लोणारी, म्हणजे लाकडाचा कोळसा, तोंड वाऱ्याकडे. ज्वाळा बसून वर करडी राखेची साय आली की मग भांडं ठेवायचं. वांगं, सुके बोंबील, पोह्याचे पापड याच विस्तवावर भाजावेत, आणि काकडीचं धोंडस, म्हणजे काकडीचा केकसारखा गोड पदार्थ, तर झाकणावरही निखारे ठेवल्याशिवाय नीट होत नाही.

फ्लॅटमधे मात्र शेगडी आत नाहीच, कव्हर केलेल्या बाल्कनीतही नाही. धूर थांबला म्हणजे धोका गेला असं लोकांना वाटतं, उलट लालबुंद निखाराच कार्बन मोनॉक्साईड सोडत असतो, त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. एक खिडकी किलकिली ठेवून भागत नाही. उघडी गच्ची किंवा अंगण, तेही सोसायटीला विचारून, नाहीतर धुराच्या आधी ग्रुपवर मेसेज पोचतात.

विझवताना पाणी ओतायचं नाही, तापलेल्या बीडाला तडा जातो. निखारे चिमट्याने घट्ट झाकणाच्या डब्यात टाकायचे, हवा तुटली की आपोआप विझतात आणि तोच कोळसा पुढच्या वेळी लवकर पेट घेतो. राख दुसऱ्या दिवशीच कचऱ्यात, कारण आत विस्तव रात्रभर टिकतो आणि प्लास्टिकच्या पिशवीला तेवढा पुरतो.