घटक-फाइल आयात (पीसीबी डिझाइन)

इलेक्ट्रॉनिक सुट्या भागाचा उत्पादक, विक्रेता किंवा लायब्ररी (म्हणजे अशा फायलींचा संग्रह) पुरवणारी तिसरीच कंपनी त्या भागाची जी तयार फाइल देते, ती पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन वापरण्याजोगी करणे म्हणजे घटक-फाइल आयात. डिझायनर मंडळी याला नुसते ‘पार्ट इम्पोर्ट करणे’ म्हणतात. अल्ट्रा लायब्रेरियन, सॅमॅकसिस आणि पूर्वी स्नॅपईडीए या नावाने ओळखली जाणारी स्नॅपमॅजिक या अशा फायलींच्या परिचित सेवा. पार्ट नंबर शोधायचा, आपले सॉफ्टवेअर निवडायचे आणि झिप फाइल उतरवून घ्यायची. दोनशे पिनांचा प्रोसेसर हाताने काढायला जिथे दिवस जातो, तिथे हे काम पाच मिनिटांत होते. खरे काम मात्र त्यानंतर सुरू होते.

झिपमध्ये साधारणपणे तीन गोष्टी असतात. सिम्बॉल म्हणजे सर्किटच्या आकृतीतले चिन्ह. फूटप्रिंट म्हणजे बोर्डावर त्या भागाला लागणारी जागा : तांब्याची पॅड, सोल्डर मास्कमधली (तांबे झाकणाऱ्या थरातली) उघडीप, सोल्डर पेस्ट लावायच्या खिडक्या, सिल्कस्क्रीनच्या (बोर्डावर छापलेल्या) रेघा आणि शेजारच्या भागांनी शिरू नये म्हणून आखलेली हद्द. तिसरे त्रिमितीय मॉडेल. ते बहुधा स्टेप स्वरूपात, म्हणजे आयएसओ 10303 या मानकानुसार असते आणि बोर्ड डब्यात बसतो का हे पाहायला कामी येते.

सिम्बॉल आणि फूटप्रिंट यांना जोडणारा धागा एकच, पिनचा क्रमांक. सिम्बॉलवर क्रमांकाऐवजी ई, बी, सी आणि फूटप्रिंटवर 1, 2, 3 असले तर सॉफ्टवेअर लगेच तक्रार करते, आणि तेच बरे. धोका आहे तो क्रमांक जुळून अर्थ चुकण्यात. 2एन3904 हा ट्रान्झिस्टर घ्या. टीओ-92 आवरणात त्याची 1 नंबरची पिन एमिटर, 2 बेस आणि 3 कलेक्टर. त्याचाच एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारा) भाऊ एमएमबीटी3904 एसओटी-23 आवरणात येतो, तेव्हा 1 बेस, 2 एमिटर आणि 3 कलेक्टर. पहिल्याचा सिम्बॉल आणि दुसऱ्याचा फूटप्रिंट एकत्र आले तर तिन्ही पिनांना पॅड मिळतात, एकही तपासणी अडत नाही, आणि तयार बोर्डावर बेस-एमिटर उलटे लागतात.

फायलींचे स्वरूप सॉफ्टवेअरगणिक वेगळे. ईगलची लायब्ररी एलबीआर फाइलमध्ये असते. सहाव्या आवृत्तीपासून ती एक्सएमएल या मजकूर-स्वरूपात आली, म्हणून इतर साधनांना ती वाचणे सोपे गेले. अल्टियममध्ये सिम्बॉलची आणि फूटप्रिंटची लायब्ररी वेगळी असते, आणि दोन्ही बांधून एकत्रित लायब्ररीही करता येते. केआयकॅडमध्ये प्रत्येक फूटप्रिंटची स्वतंत्र मजकूर-फाइल असते आणि त्या सगळ्या ‘.प्रिटी’ असा शेवट असलेल्या फोल्डरमध्ये राहतात. सिम्बॉलचे आजचे स्वरूप सहाव्या आवृत्तीत आले.

केआयकॅडमध्ये फाइल नुसती फोल्डरात टाकून भागत नाही. सिम्बॉल आणि फूटप्रिंट या दोन्हींच्या लायब्ररी-यादीत तिची नोंद करावी लागते. ती सर्व प्रकल्पांसाठी किंवा त्या एका प्रकल्पापुरती. नवशिके हमखास अडकतात ते इथे. सिम्बॉलमध्ये फूटप्रिंटचे नाव ‘लायब्ररीचे टोपणनाव, कोलन (:), फूटप्रिंटचे नाव’ असे लिहिलेले असते. पुरवठादाराने धरलेले टोपणनाव आणि आपण यादीत दिलेले टोपणनाव वेगळे पडले की फाइल समोर असूनही फूटप्रिंट सापडत नाही. त्रिमितीय मॉडेलच्या पत्त्याचेही तसेच. तो आपल्या संगणकावरच्या ड्राइव्हचा पूर्ण पत्ता असेल तर सहकाऱ्याच्या संगणकावर भाग गायब दिसतो. मॉडेल प्रकल्पाच्या फोल्डरातच ठेवून पत्ता त्या फोल्डरापासून मोजला की हा त्रास संपतो.

मापांच्या चुका सर्वांत महाग पडतात, कारण त्या बहुधा बोर्ड तयार होऊन आल्यावरच कळतात. 0.5 मिमी अंतराच्या पिना कोणी 20 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) धरून काढल्या तर प्रत्येक अंतरात 0.008 मिमीची भर पडते. शंभर पिनांच्या चौकोनी चिपला एका बाजूला 25 पिना, म्हणजे 24 अंतरे. एकूण फरक 0.192 मिमी. चिप मधोमध बसवली तरी दोन्ही टोकांच्या पिना जवळजवळ 0.1 मिमी सरकतात, आणि पिनांच्या अशा दाट रांगेत एवढे सरकणे दोन पिना सोल्डरने जोडायला पुरे होऊ शकते. ‘0603’ हा आकडाही फसवा. इंच पद्धतीत तो 1.6 × 0.8 मिमीचा भाग, मेट्रिक पद्धतीत 0.6 × 0.3 मिमीचा. कनेक्टरच्या बाबतीत डेटाशीटमधले (उत्पादकाच्या माहितीपत्रकातले) चित्र वरून पाहिलेले आहे की खालून, हे आधी वाचावे. नाहीतर सगळा फूटप्रिंट आरशातला निघतो.

क्यूएफएन (बाहेर पाय न निघणाऱ्या सपाट चौकोनी) आवरणाच्या पोटाखालचे मोठे पॅड वेगळे तपासावे. 32 पिनांच्या चिपमध्ये ते बहुधा 33 क्रमांकाचे असते. सिम्बॉलमध्ये ती पिनच नसेल तर पॅड कशालाही न जोडता तसेच राहते. त्याच्यावर पेस्टची एकच मोठी खिडकी असली तर जास्त सोल्डरवर चिप तरंगते, म्हणून ती लहान चौकोनांत विभागतात.

फूटप्रिंटची मापे ठरवण्यासाठी आयपीसी-7351 हे मानक होते; 2023 मध्ये त्याची जागा आयपीसी-7352 ने घेतली. आयपीसी-7351 मध्ये सोल्डरला जागा किती द्यायची याच्या तीन पातळ्या आहेत : सैल, मध्यम आणि दाटीच्या बोर्डासाठी आवळ. त्यामुळे एकाच चिपचे दोन स्रोतांतले फूटप्रिंट वेगळे दिसले तरी दोन्ही बरोबर असू शकतात. भागाच्या डेटाशीटमध्ये उत्पादकाने स्वतःच पॅडची आकृती दिली असेल तर प्रस्तुत लेखकाच्या मते तीच आधी धरावी.

आयात केलेल्या सिम्बॉलमध्ये सगळ्या पिना सरसकट ‘पॅसिव्ह’ (इनपुट की आउटपुट हे न सांगणारा प्रकार) ठेवलेल्या असणे नेहमीचे आहे. मग विद्युत नियमांची तपासणी दोन आउटपुट एकमेकांना जोडले तरी गप्प राहते. पिनांचे प्रकार डेटाशीट समोर ठेवून हाताने भरावे लागतात. पिना ग्रिडवर आहेत का हेही बघावे. केआयकॅडमध्ये 50 मिलच्या ग्रिडबाहेरच्या पिनेला तार टेकल्यासारखी दिसते, पण जोडली जात नाही.

तपासणीचा जुना आणि भरवशाचा मार्ग कागदाचा आहे. बोर्ड मूळ मापात छापायचा, ‘पानाला बसवा’ हा पर्याय बंद ठेवायचा, छापलेली ज्ञात लांबी पट्टीने मोजायची आणि हातातला खरा भाग त्यावर ठेवून भिंगातून पाहायचा. पिना पॅडच्या बाहेर डोकावतात का, 1 नंबरची खूण त्याच कोपऱ्यात आहे का, हे काही मिनिटांत कळते. यातून पार पडलेला भाग आपल्या स्वतंत्र लायब्ररीत हलवून त्याच्या माहितीच्या रकान्यात डेटाशीटची आवृत्ती आणि तपासल्याची तारीख लिहून ठेवतात. उतरवलेल्या मूळ फायली वेगळ्या फोल्डरात राहतात.