‘जॉमेट्री’चे मूळ ‘ज्यामिती’ नव्हे

‘जॉमेट्री’ हा संस्कृत ‘ज्यामिती’चा अपभ्रंश असल्याचा दावा वर्षानुवर्षे फिरत आहे, तो चुकीचा आहे. मूळ ग्रीक शब्द ‘गेओमेत्रिया’, म्हणजे भूमीचे मापन. नाईलच्या पुराने शेताचा तुकडा वाहून गेला की करात सूट देण्यासाठी उरलेली जमीन पुन्हा मोजावी लागे, त्यातून हे शास्त्र जन्मले असावे, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इसवी सनपूर्व ५व्या शतकात लिहून ठेवले. आपल्या शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी रचण्याच्या प्राचीन सूत्रग्रंथांत, भूमितीचे ज्ञान भरपूर आहे, पण ते ‘ज्यामिती’ या नावाने नाही; १८व्या शतकात गणिती जगन्नाथ सम्राटांनी ग्रीक गणिती युक्लिडचा भूमितीचा ग्रंथ संस्कृतात आणला, तोही ‘रेखागणित’ म्हणून. गंमत म्हणजे ग्रीक ‘मेत्रोन’ आणि आपली ‘मिती’ एकाच प्राचीन धातूपासून आल्याचे मानतात. मात्र हे नाते भावंडांचे आहे, मायलेकींचे नव्हे.